गाण्याची मालकी आणि तिचे दप्तर

पाठीशी ना चित्रपटसंस्था, ना मोठी ध्वनिमुद्रण कंपनी, अशा स्थितीत पदरचे पैसे घालून गाणे तयार करणारा निर्माता आज महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांच्या गावी आढळतो. कोणी गणेशोत्सवापूर्वी आरत्यांचा संच काढतो, कोणी कोळीगीते, कोणी भीमगीते, कोणी पोवाडे; कोणी आपल्या वस्तीच्या बोलीत रॅप लिहून त्याखाली विकत घेतलेला बीट जोडतो. एका पिढीपूर्वी ज्या कामासाठी मुंबई-पुण्याचा स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागे, वादकांचा ताफा जमवावा लागे आणि शेवटी कॅसेट कंपनीच्या दारात उभे राहावे लागे, ते काम आता एका खोलीत, एका संगणकावर पार पडते, आणि दुसऱ्या दिवशी ते गाणे दुबईतील मराठी माणसाच्याही कानी पडू शकते. साधनांची ही सुलभता निःसंशय स्वागतार्ह आहे; परंतु त्या साधनांनी जी मालमत्ता निर्माण होते तिचे स्वरूप काय, तिच्यात कोणाकोणाचा हिस्सा आहे आणि तिचे उत्पन्न कोणत्या वाटांनी येते, याविषयीचे ज्ञान मात्र त्या प्रमाणात पसरलेले नाही. ती उणीव भरून काढण्याच्या हेतूने हा ग्रंथ लिहिला गेला आहे, आणि त्याच्या विषयाची ओळख करून देणे एवढेच या प्रस्तावनेचे प्रयोजन.

श्रोत्याला गाणे एकसंध ऐकू येते, पण कायद्याच्या दृष्टीने ते एकसंध नसते. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगणे कठीण जाऊ नये, कारण त्याच्या सातबाऱ्यावर जमिनीचा भोगवटादार एक, विहिरीच्या पाण्यात हिस्सा दुसऱ्याचा आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात नाव तिसऱ्याचेच, अशी स्थिती त्याने पिढ्यानपिढ्या पाहिलेली असते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने गाण्याचे असेच भाग पाडले आहेत. शब्द ही साहित्यकृती, तिचा कर्ता कवी. चाल ही संगीतकृती, तिचा कर्ता संगीतकार. आणि या दोहोंना प्रत्यक्ष नादरूप देणारे ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती, जिचा कर्ता कायद्याने निर्मात्याला मानले आहे. निर्माता म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी पुढाकार घेणारा व त्याची जबाबदारी उचलणारा, अशी कायद्याची व्याख्या आहे; तीत वाद्य वाजवता येण्याची अट नाही, कंपनी नोंदवलेली असण्याचीही नाही. या तीन मालमत्तांच्या जोडीला गायकाचा व साथीदार वादकांचा प्रयोगहक्क उभा असतो. म्हणजे चार मिनिटांच्या एका साध्या गाण्यात चार प्रकारचे हक्क नांदतात, आणि ज्याने आपले गाणे आपणच लिहिले, आपणच चाल लावली, आपणच गाइले आणि आपणच ध्वनिमुद्रित केले, त्याच्या एकट्याच्या ठायी ते चारही एकवटतात. दुर्दैव असे की अशा चतुर्विध धन्यालाही आपण एकाच गोष्टीचे धनी आहोत असे वाटत असते, आणि त्या एकीचे उत्पन्न हाती आले की उरलेल्या तिहींची चौकशी करण्याचे त्याला सुचत नाही.

हे भाग किती वेगवेगळे आयुष्य जगतात हे पाहण्यासाठी मराठी मुलुखातलीच उदाहरणे पुरेशी आहेत. तुकोबांचा अभंग घ्या. त्याच्या शब्दांवर आज कोणाचाही प्रताधिकार नाही. ते शब्द गाण्यास, ध्वनिमुद्रित करण्यास आणि विकण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. परंतु अनेक अभंगांच्या ज्या चाली आज आपल्या ओठी बसल्या आहेत त्या वारकरी परंपरेतून आलेल्या नसून विसाव्या शतकातील संगीतकारांनी बांधलेल्या आहेत. श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांच्यासाठी बांधलेल्या अभंगांच्या चाली अशा आहेत. भारतीय कायद्यात शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे चालतो. खळे २०११ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या चालींवरील हक्क २०७१ सालच्या अखेरीपर्यंत जिवंत राहील. शब्द तुकोबांचे आहेत, सबब सर्व मोकळे आहे, अशा भाबड्या समजुतीने त्याच चालीत अभंग गाऊन तो यूट्यूबवर चढवणारा निर्माता आपल्या नकळत दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरलेला असतो.

उलटपक्षी ‘संगीत स्वयंवर’ या नाटकाची पदे पाहा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली वारले, म्हणून त्यांच्या पदांचे शब्द २००८ सालच्या अखेरीस मोकळे झाले. भास्करबुवा बखले यांचे निधन १९२२ सालचे, त्यामुळे त्यांनी दिलेल्या चाली त्याच्या कितीतरी आधी मोकळ्या झाल्या होत्या. आजच्या तरुण गायिकेने ती पदे निःशंकपणे गावीत. मात्र एखाद्या गायकाने अलीकडच्या काळात केलेले त्याच पदाचे ध्वनिमुद्रण उचलून आपल्या गाण्यात जोडू नये, कारण ध्वनिमुद्रणाचा हक्क त्याच्या प्रकाशनापासून साठ वर्षे स्वतंत्रपणे चालतो. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ज्याचे प्रसारण सुरू झाले त्या गीतरामायणाची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. त्याचे कवी माडगूळकर १९७७ साली गेले आणि संगीतकार फडके २००२ साली. म्हणजे शब्द २०३७ च्या अखेरीस मोकळे होतील आणि चाली २०६२ च्या अखेरीस. लाखो श्रोत्यांच्या मनात जे शब्द आणि ज्या चाली वेगळ्या करताच येत नाहीत, त्या कायद्याच्या दप्तरात पंचवीस वर्षांच्या अंतराने सार्वजनिक होणार आहेत. बहिणाबाईंच्या गाण्यांना आणखी वेगळा नियम लागला. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांचा संग्रह त्यानंतर १९५२ साली प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रकाशनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती गणना २०१२ अखेर संपली. जात्यावरच्या ओव्यांना तर ज्ञात कर्ताच नाही. त्या सर्वांच्या आहेत. पण कोणा संशोधकाने खेड्यात जाऊन एखाद्या बाईच्या आवाजात त्या मुद्रित केल्या असतील, तर ते ध्वनिमुद्रण सर्वांचे नाही, आणि त्या बाईचा प्रयोगहक्कही सर्वांचा नाही.

आता हे हक्क कागदावर कसे आले आणि हातात का आले नाहीत, याचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी आपले नाव उच्चारल्याचे ऐकू येते. तबकड्या त्या काळी जर्मनीतील हॅनोवर येथे छापल्या जात, आणि कोणते गाणे कोणाचे हे तेथील कारागिरांना कळावे म्हणून ही प्रथा पडली, असे सांगतात. ध्वनिमुद्रणाला कर्त्याचे नाव चिकटवून ठेवण्याची गरज अशी या धंद्याच्या जन्मापासूनची आहे. मात्र नाव चिकटले म्हणून हिस्सा चिकटला नाही. गायकाला एकठोक रक्कम द्यावयाची आणि पुढचे सर्व उत्पन्न कंपनीने घ्यावयाचे, हा रिवाज चित्रपटांच्या युगातही तसाच चालत राहिला. कवी आणि संगीतकार यांच्या वतीने हक्काचे पैसे वसूल करण्यासाठी १९६९ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था निघाली. परंतु चित्रपट निर्मात्यांनी तिच्या मागणीस हरकत घेतली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ च्या निकालात न्यायालयाने असे ठरवले की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करवून घेतले असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर पहिला मालक निर्माताच. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नाही याबद्दल खेद व्यक्त केला होता. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगहक्क आला, म्हणजे ते स्थान मिळण्यास सतरा वर्षे लागली.

याच प्रश्नावर साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात जो मतभेद झाला तो सर्वश्रुत आहे. गाणे विकले जाते तोवर गायकाला हिस्सा मिळाला पाहिजे, असा लताबाईंचा आग्रह. ठरलेले मानधन मिळाले की गायकाचा व्यवहार पुरा झाला, असे रफींचे मत. दोघांनी काही काळ एकत्र गाणेच थांबवले. रफींच्या भूमिकेत सौजन्य होते, आणि त्यांच्यासारख्या मनाच्या माणसाला ती शोभतही होती. पण तत्त्व म्हणून लताबाईंचीच बाजू खरी होती असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सौजन्यावर आधारलेला रिवाज बलवानाला परवडतो आणि दुर्बळाला नागवतो. ज्या साथीदाराला पुढच्या महिन्याच्या कामाची शाश्वती नाही, त्याने गाण्याच्या भावी उत्पन्नावर उदारपणे पाणी सोडावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

२०१२ सालची दुरुस्ती ही या इतिहासातील खरी कलाटणी होय. राज्यसभेचे सदस्य या नात्याने जावेद अख्तर यांनी तिचा पाठपुरावा केला, आणि त्या वर्षीच्या २१ जूनपासून ती अमलात आली. तिने असे ठरवले की, चित्रपटातील असो वा चित्रपटाबाहेरील, ध्वनिमुद्रणात समाविष्ट झालेल्या गीताचा कवी व संगीतकार यांनी आपला स्वामित्वधनाचा, म्हणजे रॉयल्टीचा हक्क कोणासही देऊन टाकता येणार नाही. अपवाद दोनच, कायदेशीर वारस आणि हक्कवसुलीची संस्था. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते तेवढा वापर या तरतुदीबाहेर ठेवला आहे. मालकी विकली तरी हिस्सा उरतो, आणि तो विकत घेणाऱ्याच्या बरोबरीने उरतो. याविरुद्ध लिहून घेतलेला करारनामा निरर्थक. जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हते किंवा धंद्यात आलेले नव्हते, त्याचा हक्क करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज हस्तांतरित होत नाही, असेही कलम आले. गायक-वादकांनाही त्यांच्या प्रयोगाच्या व्यापारी वापराबद्दल हिस्सा मिळू लागला, आणि गायकांची स्वतंत्र संस्था २०१३ साली नोंदली गेली.

या दुरुस्तीकडे लहान निर्माता अनेकदा संशयाने पाहतो. पदरचे पैसे आपण घातले, तोटा आपण सोसला, आणि उत्पन्नात मात्र कवीचा आणि संगीतकाराचा कायमचा वाटा, हे त्याला अन्यायाचे वाटते. ही भावना समजण्यासारखी असली तरी ती अपुऱ्या माहितीतून आलेली आहे. गायक-वादकांचा हिस्सा सोडल्यास ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न त्याचेच राहते. कवी-संगीतकाराचे उत्पन्न दुसऱ्या वाटेने, शब्द व चाल यांच्या वापरापोटी येते. शिवाय स्वतंत्र निर्माता हा बहुधा स्वतःच संगीतकार, पुष्कळदा कवीही असतो. आज जो कायदा त्याला दुसऱ्याच्या बाजूचा वाटतो, तोच उद्या एखाद्या मोठ्या कंपनीने त्याचे गाणे विकत घेतले म्हणजे त्याच्या बाजूने उभा राहणार आहे.

मात्र कायद्याने दिलेला हा हिस्सा मनीऑर्डरसारखा घरपोच होत नाही. ज्याचे नाव नोंदीत आहे त्यालाच तो पोचतो, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा येथे आहे. स्वतंत्र निर्मात्याचे नुकसान न्यायालयात होत नाही, ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशी होते, जेव्हा चहा घेता घेता सर्व काही तोंडी ठरते आणि कोणी काहीच लिहून ठेवत नाही. हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. तोंडी शब्दाला तेथे किंमत नाही. त्या कागदावर कृती कोणती, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता आणि स्वामित्वधन किती, हे लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच धरतो, आणि हस्तांतरित झालेला हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो परत फिरतो. ज्याने घाईघाईत एका ओळीची चिठ्ठी लिहून घेतली, त्याला पाच वर्षांनी आपल्याच गाण्यावरून वाद ऐकावा लागतो, आणि अमेरिकेत ते गाणे लागले तर आपला हक्क सिद्ध करणे त्याला जड जाते.

विकत घेतलेल्या बीटविषयी येथे विशेष सावधगिरी सांगितली पाहिजे. स्वस्तात मिळणारा बीट बहुतांशी सामाईक परवान्याचा असतो. तोच बीट आणखी कितीतरी जणांना दिलेला असतो, आणि परवान्यात किती वेळा ऐकला जाईपर्यंत तो वैध, याची मर्यादाही पुष्कळदा घातलेली असते. अशा बीटवर गाणे करून मग ध्वनी ताडून मालक ठरवणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत त्यावर एकट्याचा दावा नोंदवणे म्हणजे इतरांच्या निर्दोष गाण्यांवर हक्क सांगणे होय, आणि त्याचे परिणाम दावा करणाऱ्यालाच भोगावे लागतात. एकट्याचा हक्क हवा असेल तर तसा परवाना लेखी, जास्त पैसे देऊन घ्यावा लागतो.

उत्पन्नाच्या वाटांपैकी सर्वांत परिचित वाट वितरकाची. त्याला आपण अ‍ॅग्रिगेटर म्हणतो. तो गाणे स्पॉटिफाय आदी ठिकाणी पोचवतो आणि पैसे आणून देतो. पण तो आणतो ते केवळ ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि चाल यांचे पैसे हक्कवसुलीच्या संस्थेकडे जमतात, आणि तेथे सदस्य होऊन आपल्या एकेका गाण्याची नोंद केल्याशिवाय ते मिळत नाहीत. वितरकाकडून पैसे येतात म्हणजे सर्व पैसे आले, असे मानणारे असंख्य निर्माते आहेत, आणि या ग्रंथाचे तिसरे प्रकरण केवळ त्यांच्यासाठी लिहिले आहे. ध्वनिमुद्रणाला जोडला जाणारा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा संकेत त्या ध्वनिमुद्रणाला जन्मभर चिकटून राहावयाचा असतो. वितरक बदलला तरी तो बदलू नये, आणि रीमिक्स केले तर त्याला मात्र नवा घ्यावा. हा नियम न पाळल्यामुळे एकाच गाण्याची ऐकणी दोन नावांखाली विभागली जातात. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की, ज्या ध्वनिमुद्रणाला मागच्या बारा महिन्यांत हजार ऐकणी झाली नाहीत त्याला ध्वनिमुद्रणाचे पैसे नाहीत. तेव्हा अशी विभागणी यापुढे केवळ अव्यवस्था न राहता प्रत्यक्ष तोटा ठरते.

नभोवाणीच्या वाटेचा इतिहास न्यायालयांनी घडवला. २०१० साली प्रताधिकार मंडळाने खासगी रेडिओने ध्वनिमुद्रणांपोटी आपल्या निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या दोन टक्के द्यावेत असे ठरवले. शब्द व चाल यांच्यापोटी वेगळे द्यावयाचे की नाही, हा वाद मात्र पुढे चालूच राहिला. २०२३ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ च्या दुरुस्तीचा आधार घेऊन कवी-संगीतकारांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच न्यायालयाने २०१९ साली, आणि अपिलात २०२२ साली, असेही ठरवले की इंटरनेटवरील गाण्याच्या सेवांना रेडिओप्रमाणे वैधानिक परवाना मागता येणार नाही. त्यांनी मालकाशी बोलणी करूनच परवाना घ्यावा. तत्त्वतः हा निर्मात्याचा विजय आहे, परंतु खोलीत बसून गाणे करणारा एकटा निर्माता अशा बलाढ्य सेवेशी कसली बोलणी करणार? वितरकाच्या छापील अटींवर सही करणे एवढेच त्याच्या हाती उरते. लहान निर्मात्यांनी भाषावार किंवा प्रांतवार एकत्र येऊन बोलणी केल्याखेरीज या निकालाचे फळ त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. मराठीत असा संघ व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

कार्यालये, हॉटेले आणि सभागृहे यांत वाजणाऱ्या गाण्यांचा प्रश्न अजून धुमसतो आहे. धार्मिक विधी व लग्नाशी निगडित समारंभ यांत वाजणाऱ्या गाण्यांना कायद्याने सूट दिली आहे. ती सूट कोठपर्यंत ताणावी यावरून वाद होतात. गोवा शासनाने परिपत्रक काढून तिचा विस्तार करू पाहिला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ साली ते परिपत्रक रद्द केले. दुसऱ्याचे जुने गाणे नव्या आवाजात काढण्याची वैधानिक वाटही आहे: मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर, आगाऊ सूचना व स्वामित्वधन देऊन. त्यात वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींचे पैसे भरण्याची अट आहे. लहान प्रसाराच्या भाषांसाठी ही संख्या कमी करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे; मराठी निर्मात्यांनी त्याची मागणी लावून धरली पाहिजे. तूर्त मात्र मूळ मालकाकडून सरळ परवाना घेणे हेच शहाणपणाचे.

ग्रंथकर्त्याने प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी करारनाम्यांचे मराठी नमुने दिले आहेत, हे या ग्रंथाचे मला सर्वांत मोलाचे अंग वाटते. इंग्रजी करारावर अर्थ न कळता सही करण्याची पाळी आपल्या शाहिरांवर, कीर्तनकारांवर, लोककलावंतांवर वारंवार येते. त्यांच्या हाती त्यांच्याच भाषेतला कागद पडणे ही फार मोठी गोष्ट आहे. नमुन्यांत संबळवादकाचे नाव लिहिण्याचीही जागा आहे, हे पाहून विशेष समाधान झाले. ज्या निर्मात्यांच्या हाती हा ग्रंथ पडेल त्यांना माझी एकच विनंती आहे: पुढचे ध्वनिमुद्रण ठरवाल तेव्हा वादक घरी जाण्यापूर्वी तिसऱ्या प्रकरणातील नोंदपत्रक भरा, त्यावर सर्वांच्या सह्या घ्या, आणि त्याची एक प्रत प्रत्येकाच्या हाती द्या.